वेलांटीबाईंचं स्वतःचं खातं

वेलांटीबाईंच्या आयुष्यात दोन लॅपटॉप आले. पहिला धाकट्या भावाने आणून, लावून, चालू करून दिला. दुसरा त्यांनी स्वतः दुकानात जाऊन, लावणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून, आपल्या अटीवर लावून घेतला. दोहोंमध्ये आठ वर्षं गेली. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत बाईंना जे मिळालं आणि जे गेलं, त्याची ही हकिकत.

वेलांटी हे अर्थातच खरं नाव नव्हे. कोर्टाच्या बाजूच्या लांब व्हरांड्यात टायपिस्टांची नऊ टेबलं ओळीने मांडलेली होती. त्यातलं जिन्याखालचं टेबल बाईंचं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, करारनामे टाइप करून द्यायचे. विशीत टाइपरायटर घेऊन बसल्या, त्या पन्नाशी उलटली तरी तिथेच. वकिलाने खरडून दिलेला मजकूर डोळे मिटून उतरवायचा आणि मोकळं व्हायचं, ही व्हरांड्याची रीत. बाईंना ते जमायचं नाही. वेलांटी पहिली की दुसरी, यावरून त्या भल्याभल्यांना ताटकळत ठेवायच्या. एका ज्येष्ठ वकिलांना त्या एकदा म्हणाल्या होत्या, की साहेब, तुमचा अशील सुटतो की नाही ते न्यायाधीश बघतील, पण ‘निर्दोष’मधली वेलांटी पहिलीच राहणार. तेव्हापासून नाव पडलं. पाठीमागे वेलांटी, तोंडावर बाई.

वडील गेले तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि भाऊ नऊ. कॉलेज सुटलं, टायपिंग लागलं. आधी भावाची शाळा, मग त्याचं कॉलेज, मग त्याची नोकरी, मग त्याचं लग्न. बाईंच्या लग्नाचा विषय घरात अधूनमधून निघायचा, नाही असं नाही. पण कोर्टातल्या जुन्या दाव्यासारखा, दर वेळी पुढची तारीख पडायची. पुढे आईला पक्षाघात झाला आणि दावाच निकालात निघाला. भाऊ आणि भावजय दोघंही नोकरीवाले. सकाळी कोर्टाआधी आणि संध्याकाळी कोर्टानंतर आईचं सगळं बाईच करायच्या. अंघोळ, औषधं, चादरी बदलणं, कूस बदलून देणं. दुपारपुरती एक मदतनीस यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात बाईंची खोली म्हणजे काचा लावून बंद केलेली बाल्कनी होती. त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. उजेड चांगला येतो, म्हणायच्या.

टाइपरायटर कोर्टात चालेनासे झाले तेव्हा भावाने लॅपटॉप आणला. आणला म्हणजे बाईंच्याच पैशाने, पण धावपळ त्याची. “ताई, तुला त्यातलं काही कळायचं नाही, मी करून देतो,” असं म्हणून तो दुपारभर त्याच्यासमोर बसला. मशीन चालू करायचं तर त्याला एक इंटरनेटवरचं खातं लागतं, ई-मेल लागतो, फोन नंबर लागतो. बाईंचा ई-मेल नव्हता. भावाने आपला घातला. आपलंच खातं, आपलाच नंबर. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून बाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, झालं तुझं काम. बाईंनी त्या दिवशी त्याच्यासाठी बाजारातून शर्टाचं कापड आणलं. बाईंचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याचाही बाईंवर नव्हता असं म्हणता येणार नाही. फक्त त्या जिवाला सवय लागली होती, की ताई आहे, ताई असतेच.

लॅपटॉप रोज पिशवीतून कोर्टात जायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. घरी आला, की घरातल्या इंटरनेटला आपोआप जोडला जायचा. दिवसभरात बाईंनी जे टाइप केलं असेल ते सगळं गुपचूप वर जायचं आणि भावाच्या खात्यात जाऊन बसायचं. तिथून त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या फोनवर. हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी कागद टेबलाच्या खणात ठेवला, की तो खणातच असतो.

पाच वर्षं यात काही बिघडलं नाही. बाईंच्या मशीनमध्ये होतं काय? कुणाच्या तरी भाडेकराराची पानं, कुणाच्या तरी घटस्फोटाचा अर्ज. भाऊ ते कशाला बघतोय.

मग नकलनवीस आले.

कोर्टाच्या नक्कल विभागात ते कारकून होते. निकालाची, हुकमाची नक्कल काढायची, मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायची आणि खाली ‘खरी नक्कल’ म्हणून शिक्का मारायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. पंचावन्न वर्षांचे, विधुर, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. स्वतःच्या बढतीबद्दलचा एक अर्ज टाइप करून घ्यायला ते बाईंकडे आले. टाइप केलेलं पान त्यांनी सवयीने ओळीओळीने तपासलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, ‘उज्ज्वल’मधला एक ज राहिलाय.”

व्हरांड्यात तोवर बाईंची चूक कुणी काढली नव्हती. बाईंनी पान हातात घेतलं, पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट नंतर सांगायचा, की बाईंना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर नकलनवीस या ना त्या कागदाच्या निमित्ताने येऊ लागले. पण व्हरांडा म्हणजे चव्हाटा. नऊ टेबलं, अठरा कान, शिवाय येणारे-जाणारे वकील. बोलायचं तर हवापाण्याखेरीज काही बोलता यायचं नाही. म्हणून पत्रं सुरू झाली. नकलनवीस हाताने लिहायचे, वळणदार अक्षरात. बाई मात्र टाइप करायच्या. तीस वर्षं बोटं कळांवर चालल्याने हाताचं अक्षर पार मोडलं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटायची. मधल्या सुट्टीत व्हरांडा ओस पडला, की त्या जिन्याखाली बसून लिहायच्या. लिहिलेलं पुन्हा वाचायचं, सुधारायचं, मग छापायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे प्रत्येक पत्र मशीनमध्ये जपलं जायचं. पत्र एक, पत्र दोन, करता करता दोन वर्षांत एकेचाळीस पत्रं झाली.

काय असायचं त्यांत? बाईंनी कधी कुणाशी न बोललेलं सगळं. आईची चादर बदलताना मनात येणारे, आणि आल्याबरोबर स्वतःचीच भीती वाटायला लावणारे विचार. लग्न होऊन ज्या घरात जायचं जवळजवळ ठरलं होतं आणि वडील गेल्यावर राहून गेलं, ते घर. भावजय पाहुण्यांसमोर ‘आमच्या ताईंना संसाराची आवडच नाही’ असं म्हणते, तेव्हा हसून चहाचे कप उचलावे लागतात ते. आणि अलीकडच्या पत्रांतून, निवृत्तीनंतर स्टेशनच्या मागे दोन खोल्या घ्यायच्या आणि विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन दोन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या, हा बेत. आईलाही तिकडेच न्यायचं, असं बाईंनी लिहिलं होतं, आणि नकलनविसांनी हो म्हटलं होतं.

भावाला हे सांगायचं कसं, एवढंच राहिलं होतं. तोंडाने सांगण्याची छाती होत नव्हती. म्हणून त्याच्यासाठीही बाईंनी पत्राचा मसुदा केला. तो आवडला नाही, दुसरा केला. असे पाच मसुदे झाले. पाचव्यात त्यांनी लिहिलं, की तुला वाईट वाटेल, पण मला आता थोडं माझ्यासाठी जगायचं आहे. तो छापून रविवारी द्यायचा, असं मनाशी ठरवलं.

त्या रविवारच्या आधीच, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत नकलनवीस टेबलासमोर येऊन उभे राहिले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

“बाई, तुम्ही पत्रांच्या प्रती ठेवल्या होत्या?”

बाईंना आधी प्रश्नच कळला नाही. कशाच्या प्रती, म्हणाल्या.

“तुमच्या पत्रांच्या. काल माझा मुलगा गावाहून आला, त्याच्या हातात होत्या. एकवीस पानं, छापील. त्यानं मला त्यातली दोन वाचून दाखवली.”

बाई म्हणाल्या, की मी दिलेल्या नाहीत, मी कुणालाच दाखवलेल्या नाहीत, मला तुमचा मुलगा कोण तेही ठाऊक नाही. नकलनविसांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी तीस वर्षं नकलाच काढतोय. नक्कल कुणी उगाच काढून ठेवत नाही. पुढेमागे कुणाविरुद्ध तरी वापरायची असते म्हणूनच काढतात.”

आणि निघून गेले. सोमवारपासून त्यांनी शिल्लक सगळी रजा टाकली. तिथून थेट निवृत्ती, आणि दुसऱ्या गावी मुलाच्या घरी मुक्काम. बाईंनी दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली.

तीन आठवडे बाई पिशवी उचकत होत्या, खण उपसत होत्या, व्हरांड्यातल्या एकेका माणसाकडे संशयाने बघत होत्या. शेजारच्या टायपिस्टाशी त्यांनी बोलणं टाकलं. प्रिंटरमधून कागद चोरला म्हणून झाडूवाल्यालाही एकदा वाकडं बोलल्या, आणि तो बिचारा रडवेला झाला. घरच्यांवर संशय घ्यावा हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

भावाला तेव्हा बढतीसाठी एक अर्ज करायचा होता. ताईच्या हातून शुद्धलेखन तपासून घेतलं, की कागदाला वजन येतं, हे त्याला माहीत होतं. “ताई, माझ्या कॉम्प्युटरवर उघडाच आहे, जरा बघ,” असं सांगून तो दाढी करायला गेला. बाई त्याच्या खुर्चीत बसल्या. अर्ज कुठला म्हणून यादी उघडली, तर यादीत अर्जाच्या खाली ओळीने लिहिलेलं होतं: पत्र एकेचाळीस, पत्र चाळीस, पत्र एकोणचाळीस. आणि त्याखाली, भावास मसुदा पाच.

भाऊ टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला, तेव्हा बाई पडद्याकडेच बघत बसल्या होत्या. त्याने पडदा पाहिला आणि त्याच्या लक्षात आलं.

म्हणाला, “ताई, मी मुद्दाम नाही वाचलं. ते आपोआप येतं इथं.”

“आपोआप येतं, मान्य,” बाई म्हणाल्या. “आपोआप त्यांच्या मुलाकडे गेलं कसं?”

भाऊ पलंगावर बसला. आधी म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी. मग म्हणाला, त्या माणसाचा काय भरवसा, या वयात लोक हसले असते. शेवटी खरं काय ते त्याच्या तोंडून निघालं. “तू गेली असतीस, तर आईचं कोणी केलं असतं?”

आईला घेऊन जायचं ठरलं होतं. ते पत्र छत्तीसमध्ये लिहिलेलं होतं. बाईंनी त्याला तसं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, की छत्तीस मी वाचलं नव्हतं, मी काही सगळी वाचलेली नाहीत. हे त्याने अशा सुरात सांगितलं, की जणू त्याबद्दल त्याचे आभार मानावेत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शेजारच्या खोलीत आई होती, तिला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, त्याचा अर्ज उघडला, त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या आणि उठल्या. असं का केलं, ते त्यांचं त्यांनाही कधी सांगता आलं नाही. सगळी पत्रं काढून टाक, एवढंच त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्याने सांगितलं, की टाकली.

दुसऱ्या दिवशी बाई बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला, कुणी ओळखत नाही अशा दुकानात गेल्या. गल्ल्यावरच्या माणसाने चार-पाच मॉडेलं दाखवली. बाईंनी किंमत विचारली नाही, वजन विचारलं नाही. अट एकच घातली, की मशीन इंटरनेटवरच्या कुठल्याही खात्याशी जोडायचं नाही. माझं नाव, माझा पासवर्ड, आणि जे काही लिहीन ते या डब्यातच राहिलं पाहिजे. गल्ल्यावरचा म्हणाला, आजी, आता तसं होत नाही, नव्या मशीनला खातं लागतंच. आजी म्हटलेलं बाईंनी गिळलं. म्हणाल्या, होत नसेल तर मी दुसरं दुकान बघते. तेव्हा त्याने मागच्या खोलीतल्या दुरुस्तीवाल्यांना हाक मारली.

दुरुस्तीवाले बाईंच्याच वयाचे, चष्मा कपाळावर चढवलेला, टेबलावर उघडी पडलेली मशीनं. त्यांनी अट ऐकली आणि कारण विचारलं नाही. फक्त एवढं म्हणाले, “करता येतं. पण एक गोष्ट आधी सांगतो. पासवर्ड विसरलात, तर मग कुणी उघडून देणार नाही. फोनवर आकडा येणार नाही, कंपनी मदत करणार नाही. मशीन बिघडलं तर आतलं सगळं त्याच्याबरोबर गेलं.”

“तेच हवंय,” बाई म्हणाल्या.

मशीन चालू झालं. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, असं विचारत विचारत ते इंटरनेटशी जोडा म्हणणाऱ्या पडद्यावर येऊन अडलं. पुढे जाण्याचं बटण होतं, पण फिकट. दाबलं तरी दबेना. नंतर करू, नको, असं काहीच नाही. दुरुस्तीवाले म्हणाले, हे असंच अडून बसतं, सरकारी खिडकीसारखं. त्यांनी दोन कळा एकदम दाबल्या, तशी एक छोटी काळी चौकट उघडली. इथे इंग्रजीत एक ओळ टाकायची, म्हणाले आणि अक्षरं सांगू लागले. बाईंनी मशीन आपल्याकडे वळवलं. त्यांचं सांगून होण्याआधी ओळ टाइप झाली होती. दुरुस्तीवाल्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बाईंच्या बोटांकडे नीट पाहिलं.

मशीन बंद होऊन पुन्हा उघडलं. या वेळी त्याच पडद्यावर, खाली कोपऱ्यात, ‘माझ्याकडे इंटरनेट नाही’ अशा अर्थाची एक बारीक ओळ आली होती. ती दाबल्यावरही मशीनने एकदा समजूत घालून पाहिली, की जोडलंत तर अमुक मिळेल, तमुक मिळेल. दुरुस्तीवाले म्हणाले, नव्या मशीनमधून ही वाटसुद्धा बुजवत चाललेत, हा तुमचा मागच्या खेपेचा आहे म्हणून बरं.

मग पडद्याने विचारलं, हे मशीन कोण वापरणार? बाईंनी सवयीने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि मागचं सगळं पुसून फक्त स्वतःचं पहिलं नाव ठेवलं. व्हरांड्यात त्या नावाने त्यांना कुणी ओळखत नव्हतं, घरात सगळ्यांची ताई होती. पासवर्ड घालताना दुरुस्तीवाल्यांनी न सांगता तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंना ते फार बरं वाटलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पदराने चष्मा पुसल्यासारखं केलं.

पुढे तीन प्रश्न होते. पासवर्ड विसरला तर माणूस तोच का हे पडताळायला. पहिला प्रश्न, लहानपणी तुम्हाला काय म्हणत? दुसरा, तुमचा जन्म कुठल्या गावी झाला? तिसरा, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

बाईंची बोटं थांबली. दुरुस्तीवाल्यांना वाटलं, प्रश्न कळला नाही. ते समजावू लागले.

“कळला,” बाई म्हणाल्या. “पण याची उत्तरं माझ्या भावाला तोंडपाठ आहेत. ते मांजर त्यानंच आणलं होतं.”

दुरुस्तीवाले म्हणाले, की उत्तर खरंच असलं पाहिजे असं मशीनचं म्हणणं नाही. ते पडताळून बघत नाही. तुम्ही जे लिहाल तेच त्याच्या लेखी खरं.

वर लिहिलेला मजकूर खरा आहे, असं बाईंनी तीस वर्षांत हजारो कागदांच्या तळाशी टाइप केलं होतं. त्या दिवशी त्यांनी ओळीने तीन खोटी उत्तरं लिहिली. नसलेलं टोपणनाव, न पाहिलेलं गाव आणि कधी न पाळलेलं जनावर. मग मशीनने विचारलं, तुम्ही कुठे आहात ते कळवू का, काय टाइप करता ते पाठवू का, जाहिराती दाखवू का. बाई एकेक बटण बंद करत गेल्या.

निघताना त्यांनी एकच विचारलं. एखाद्याच्या खात्यात आपलं काही गेलं असेल आणि तो म्हणत असेल, की मी काढून टाकलं, तर ते खरं की खोटं हे कसं कळतं?

“नाही कळत,” दुरुस्तीवाले म्हणाले. “तो म्हणतो तेवढंच.”

घरी नवा लॅपटॉप पहिल्यांदा दिसला तेव्हा भावजयीने किंमत विचारली आणि भावाने सवयीने हात पुढे केला, आण, तुला लावून देतो. लावून झालंय, बाई म्हणाल्या. त्याने झाकण उघडलं, पासवर्डच्या चौकटीकडे बघितलं, मिटलं. दोन दिवस गेले आणि जेवताना म्हणाला, की आता घरात कुलपं लागायला लागली. भावजय म्हणाली, आपल्याच माणसांपासून काय लपवायचं असतं कुणास ठाऊक, मी तर बाई कधी काही लपवलं नाही. बाई आईला भरवत होत्या.

घर सोडून जावं असं रोज वाटायचं. पण आई होती. ज्या कारणासाठी भावाने त्यांचा घात केला, तेच कारण त्यांना त्याच घरात बांधून ठेवत होतं, आणि भावाला ते नीट कळत होतं, म्हणून तो निश्चिंत होता. आठ महिने बाईंनी पूर्वीसारखंच सगळं केलं. नवव्या महिन्यात आई गेली. महिनाभराने बाईंनी कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि दोन पेट्या, एक लॅपटॉप घेऊन बाहेर पडल्या. भाऊ जिन्यापर्यंत आला. त्याला रडू येत होतं आणि ते खोटं नव्हतं. म्हणाला, “ताई, मी एवढं काय केलं गं?” बाईंनी त्याला वाटेतून जरा बाजूला हो म्हटलं, पेटी भिंतीला घासत होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्या नकलनविसांच्या मुलाच्या गावी गेल्या. पत्ता नक्कल विभागातून मिळवला होता. काय झालं ते एकदा समोरासमोर सांगायचं, बाकी काही मागायचं नाही, असं ठरवून गेल्या. निदान स्वतःला तरी तसं सांगितलं होतं. मुलगा आणि सून बाहेर गेले होते. नकलनविसांनीच दार उघडलं. वरचं बटण तसंच लावलेलं, अंगाने मात्र उतरले होते. त्यांनी बाईंना बैठकीच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.

बाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. भावाचं खातं, आपोआप वर जाणारे कागद, यादीत दिसलेली पत्रं. सांगून झालं तेव्हा नकलनवीस म्हणाले, “मला तेव्हाच शंका आली होती, की हे तुमचं काम नाही.”

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“शंका आली होती, तर मला विचारलं का नाहीत? थांबला का नाहीत?”

नकलनवीस आपल्या तळहातांकडे बघत म्हणाले, “थांबलो असतो, तर तुम्ही सिद्ध केलं असतं, की तुमचा दोष नाही. मग मला मुलाला तोंड द्यावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नसतं, बाई. तुमचा दोष आहे असं धरून चाललो, तर सोपं होतं.”

बाईंनी पाण्याचा पेला संपवला आणि म्हणाल्या, की ती एकवीस पानं मला परत द्या. नकलनवीस आणखी खाली बघू लागले. पानं मुलाने आपल्या कपाटात ठेवली होती, किल्ली त्याच्याकडे. तुम्ही उद्या काही हक्क सांगायला आलात, तर असावीत, असं तो म्हणतो.

बाई उठल्या. दारापाशी नकलनवीस म्हणाले, की तुमची पत्रं फार चांगली होती. बाईंनी चप्पल घातली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. बाई अजून जिन्याखालच्या टेबलावर बसतात. शेजारच्या टायपिस्टाशी पुन्हा बोलतात. झाडूवाल्याची त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी व्हरांड्यात येतो, चहा घेतो, तब्येतीचं विचारतो, जातो. पत्रं खरंच काढून टाकली होतीस का, हे बाईंनी त्याला पुन्हा विचारलेलं नाही. हो म्हणाला तरी कळणार नाही.

नव्या मशीनने आजवर एकदाही दगा दिलेला नाही. जे लिहावं ते त्यातच राहतं. कोर्टाचं काम त्यावर रोज होतं. कधी कधी मधल्या सुट्टीत, व्हरांडा रिकामा झाला, की बाई एक कोरं पान उघडतात आणि स्वतःचं काही लिहायला बसतात. दोन ओळी होतात, फार तर तीन. मग त्या मागे वळून बघतात. पाठीशी जिन्याची भिंत असते. लिहिलेलं त्या एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकतात आणि पुढच्या अशिलाचं प्रतिज्ञापत्र लावतात.